साडेचार हजारीचा गार्ड

ओसे लाइनीच्या एखाद्या फलाटावर उभं राहून ‘मित्सुरु उशियामा कोण हो?’ असं विचारलंत, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. पण ‘तो गोड आवाजाचा गार्ड’ म्हणालात, की पाच जण पाच गोष्टी सांगतील. कुणी म्हणेल, परीक्षेला जाताना त्याचं ‘पुढचं स्टेशन हिनाता’ ऐकलं आणि पोटातला गोळा विरला. कुणी म्हणेल, माझी सासू गाडीत झोपली की माझ्या हाका ऐकत नाही, त्याचा आवाज आला की पिशवी उचलून उभी राहते. आणि या सगळ्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, की गाडीतून उतरला की या माणसाला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही.

उशियामा अडखळायचा. अगदी लहानपणापासून. ‘उ’वर जी गाडी थांबायची ती हलायची नाही. त्यातून समोरची माणसं बहुतेक भली असायची, आणि भल्या माणसांचाच त्याला जास्त जाच. ती त्याचा शब्द स्वतःच पुरा करून द्यायची. तिशीत असताना मावशीनं लग्नासाठी एक मुलगी दाखवायला नेलं होतं. हॉटेलात चहा, समोर मुलगी, मुलीची आत्या, मधे मध्यस्थ बाई. हा ‘उ... उशि...’ करत राहिला, आणि बाईंनी घाईघाईनं ‘उशिगोमेसान’, म्हणजे उशिगोमेराव, म्हणून टाकलं. दुरुस्ती करावी असं त्याच्या मनात आलं, पण तोवर संध्याकाळ झाली असती. तो तसाच उशिगोमे होऊन बसला, चहा प्यायला आणि घरी आला. होकार आला असता तरी तो उशिगोमेलाच आला असता, असं तो पुढे मोठ्या मुश्किलीनं आणि हसत हसत सांगायचा.

मग असला माणूस गार्ड कसा झाला? त्याचं श्रेय बोटाला. आमच्या रेल्वेत नुसतं बघून चालत नाही. सिग्नलकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘सिग्नल हिरवा, ठीक!’ दारांकडे बोट, ‘दारं बंद, ठीक!’ डोळा चुकतो, मन भरकटतं, पण बोट, डोळा आणि तोंड एकदम चुकत नाहीत म्हणतात. भरतीच्या दिवशी हा नाव सांगताना घामाघूम झाला, साहेब हळूच पेन बंद करायला लागले, आणि शेवटी उपचार म्हणून त्याला बोट दाखवून बोलायला सांगितलं. यानं हात लांब केला आणि ‘फलाट मोकळा, ठीक!’ असं काही खणखणीत म्हणाला की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. ना अडखळणं, ना थरथर. बोट पुढे असलं आणि वाक्य ठरलेलं असलं की त्याची जीभ रुळावरून सरळ धावायची. माइक हातात घेऊन स्टेशनांची नावं सांगतानाही तसंच.

तेव्हापासून तो घरातही बोटावरच जगत होता. बाहेर पडताना गॅसकडे बोट, ‘बंद, ठीक!’ खिशाकडे बोट, ‘किल्ली, ठीक!’ भिंतीपलीकडचे शेजारी त्याच्या जिवावर स्वतःचा गॅस बघायचे.

हिनाता स्टेशनच्या फलाटावर, गाडीच्या शेपटाकडच्या टोकाला, उभ्या उभ्या सोबा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, खायचं एक दुकान होतं. आठ माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की भरलं. ते चालवायची इत्सुको होसोई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वय पन्नाशीच्या अलीकडे पलीकडे, आणि तोंड असं की उकळत्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ नये. गिऱ्हाईक शेवया ओढेपर्यंत ती हवामान, बेसबॉल आणि स्टेशनमास्तरांची नवी चप्पल असं सगळं सांगून मोकळी व्हायची. उशियामा तिथं जायला लागला तो दारातल्या तिकीट मशीनमुळे. हव्या त्या पदार्थाचं बटण दाबायचं, निघालेलं तिकीट फळीवर ठेवायचं. बोलायचं कामच नाही. तो रोज काकिआगे सोबा घ्यायचा, वर कांद्यागाजराची जाड भजी.

मग एकदा ते मशीन बिघडलं. होसोईसाननं त्याच्यावर कागद चिकटवला, ‘मशीनला बरं नाही. तोंडानं सांगा.’ उशियामा फळीशी उभा राहिला.

“का... का...”

“कारे!” होसोईसान म्हणाली. “अगदी बरोबर, आज थंडीच तशी आहे. एक कारे सोबा!”

आणि करीच्या रश्श्यातली वाटी समोर आली. दुसऱ्या दिवशीही तेच. मशीन दुरुस्त होईपर्यंत उशियामानं रोज कारे सोबा खाल्ला. त्याला ते मुळीच आवडत नव्हतं, पांढऱ्या शर्टावर शिंतोडे उडायचे ते वेगळेच. पण त्याच दिवसांत कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की वाटी पुढे करताना ती जे काही बडबडते ते ऐकायला मिळावं म्हणून आपण करीसुद्धा खातो आहोत. मशीन बरं झालं तेव्हा तो किंचित हिरमुसला.

आता गंमत अशी, की त्याची गाडी हिनाताला थांबली की गार्डची खिडकी बरोबर त्या दुकानासमोर यायची. सुटताना तो खिडकीतून डोकं बाहेर काढायचा. ‘फलाट मोकळा, ठीक! दारं बंद, ठीक!’ आणि मग हात जरासा वळवून, वाफेतल्या त्या पांढऱ्या टोपीकडे, ‘होसोईसान, ठीक!’ जुन्या गाडीची मोटर असा गलका करायची की त्याचं त्यालाच ऐकू यायचं नाही. कित्येक वर्षं तो रोज तिची तपासणी करत होता, आणि ती रोज ठीक निघत होती. त्याचं सुख एवढ्यावर भागत होतं. खुळा म्हणा हवं तर.

मग साडेचार हजारी आली. नव्या जातीच्या गाडीचं हे आमचं नाव. कागदोपत्री नुसता आकडा आहे, पण आकड्यावर जीव कसा लावायचा? पत्र्याला रंग नाही, नुसतं लख्ख पोलाद आणि खिडकीखाली संत्र्याच्या सालीच्या रंगाचा पट्टा. जुनी गाडी निघताना कण्हायची, ही नुसती ‘हूं’ म्हणते आणि निघते. आसनं जुन्यापेक्षा बोटभर रुंद, थंडीत खालून ऊब. आणि दारं तर काय सांगावी! कुणाचा मफलर अडकला तर दार क्षणभर पकड सैल करतं, मफलर ओढून घ्या म्हणतं, आणि पुन्हा घट्ट होतं. प्रशिक्षणात उशियामानं तिथं स्वतःचा टाय मुद्दाम अडकवून पाहिला. दोनदा. बाकीचे गार्ड हसले. तो मात्र दाराच्या रबरावरून हात फिरवत होता. कारखान्यात कुणीतरी बसून, अडकलेल्या माणसाला सुटायला वेळ द्यावा, असा विचार केला होता, आणि त्याला त्या अनोळखी माणसाबद्दल एकदम माया वाटली.

पण त्याच गाडीनं त्याचे दोन घास काढून घेतले. पहिला म्हणजे आवाज. साडेचार हजारीत स्टेशनांची नावं आपोआप बोलली जातात. एक बाई बोलते, छान बोलते, कधी दमत नाही. गार्डनं डब्यांत बोलायचं ते काही विपरीत घडलं तरच. उशियामाकडे उरला तो एक बाहेरचा माइक. या गाडीला डब्यांच्या बाहेरूनही कर्णे आहेत, त्यातून फलाटावरच्या लोकांना ‘दारं बंद होत आहेत’ एवढं सांगायचं. तेवढंच तो जपून जपून म्हणायचा.

दुसरा घास मोठा होता. नव्या गाडीची दारं ठरल्या जागी बिनचूक थांबतात, तेव्हा कंपनीनं फलाटाच्या कडेला आडवी फाटकं बसवायचं ठरवलं. चांगलंच काम. कुणी रुळांवर पडू नये. पण फाटकं आली की फलाट अरुंद होणार, आणि हिनाताचं सोब्याचं दुकान मधे येत होतं. महिनाअखेरीला ते बंद होणार अशी पाटी लागली.

“मी जाते कागोशिमाला,” होसोईसान फळी पुसत गिऱ्हाइकांना सांगायची. “धाकटी बहीण बोलावतेय कधीची. तिथं ज्वालामुखीची राख पडते वाळत घातलेल्या कपड्यांवर, पण इथं तरी माझं वाट बघणारं कोण बसलंय? तुम्ही बसलायत का, उशियामासान?”

उशियामाच्या तोंडात सोबा होता. तो नसता तरी काही फरक पडला नसता.

“मी... मी...”

“मीठ? आधीच खारट झालंय हो!” ती म्हणाली, आणि दुसऱ्या वाटीकडे वळली.

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. तिला थांबा म्हणायचं होतं. घरी तो भाताच्या कुकरकडे बोट दाखवून म्हणून बघायचा, ‘होसोईसान, जाऊ नका, ठीक!’ झरझर यायचं. शेजाऱ्यांनी त्या आठवड्यात काय तर्क केले असतील देव जाणे. पण बोटाशिवाय शब्द निघत नव्हता, आणि बाईमाणसाच्या तोंडासमोर बोट नाचवणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा. इतका उद्धट तो होऊ शकत नव्हता. दुकानात जायचा, तिकीट ठेवायचा, खायचा, वाकून नमस्कार करायचा, परत यायचा. एकेक दिवस सरत होता.

आणि मग ती चूक घडली. सकाळची वेळ, फाटकांच्या कामामुळे निम्मा फलाट पत्र्यांनी झाकलेला, माणसं दाटीनं उभी. उशियामानं डाव्या हातात बाहेरचा माइक घेतला, ‘दारं बंद होत आहेत, मागे राहा,’ म्हणाला, दारं बंद केली आणि उजवा हात लांब केला. डावा अंगठा माइकच्या बटणावर तसाच राहिला.

“फलाट मोकळा, ठीक!” दहाच्या दहा डबे बाहेरून गरजले. “दारं बंद, ठीक! होसोईसान, ठीक!”

साडेचार हजारी तर ‘हूं’च्या वर आवाज करत नाही. त्या शांततेत ते तिसरं वाक्य फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख गेलं. सोबा खाणाऱ्या आठ माणसांच्या शेवया अर्ध्यावर थांबल्या. होसोईसानच्या हातात डाव होता, तो तसाच हवेत राहिला. गाडी निघाली. उशियामानं खिडकीतून पाहिलं, ती त्याच्याकडेच बघत होती, आणि त्याच्या माहितीत पहिल्यांदाच ती काही बोलत नव्हती.

दुपारी मुरोझोनोसाहेबांनी बोलावलं. हे गार्डांचे वरिष्ठ, चेहरा कायम इस्त्री केलेला.

“उशियामासान, नियमांत तपासायच्या ज्या गोष्टी आहेत त्यांत होसोईसान कुठं येते हो? मला सापडली नाही.”

उशियामानं टोपी काढून हातात धरली.

“कधीपासून तपासताय?”

“ब... ब... बरीच...”

“बरीच वर्षं. बरं. आणि एकदाही बिघाड आढळला नाही?” साहेबांचा चेहरा हलला नाही, पण खिडकीकडे वळून ते जरा जास्तच वेळ खोकले. मग म्हणाले, “हे पाहा, मला काहीतरी करणं भाग आहे. तक्रार एकही नाही, उलट चौकशाच फार येतायत. बाहेरचा माइक उद्यापासून बंद. आपोआपची घोषणा लावा. आणि उशियामासान, ज्याची तपासणी करायची त्याला आधी कळवावं. एवढी तरी रीत असते.”

झालं. शेवटचा माइकही गेला. चार दिवस उशियामा हिनाताला आला की फलाट आणि दारं बघायचा, आणि हात खाली घ्यायचा. दुकानात जायचं त्यानं टाळलं. घरून भाताचे गोळे न्यायला लागला. आपण त्या बाईला चारचौघांत लाजवलं, या विचारानं ते निम्मे डब्यातच परत यायचे. तिचं दुकान आता कायमचं बंद होणार, ती राखेच्या गावाला जाणार, आणि जाताना आपल्याविषयी एवढंच घेऊन जाणार, की हिनाताला एक खुळा गार्ड होता, त्यानं आपलं हसं केलं.

दुकानाचा शेवटचा दिवस रविवार होता. टेकड्यांवर फिरायला जाणारी मंडळी गाडीत होती, पायांत जाड बूट, पाठीवर पिशव्या. गाडी हिनातात शिरली. उशियामानं खिडकीतून डोकं काढलं तर दुकानाचं शटर खाली, आणि बरोबर त्याची खिडकी जिथं थांबणार तिथं, फलाटाच्या कडेच्या पिवळ्या पट्टीच्या आत, होसोईसान उभी. डोक्यावर टोपी नव्हती. केस मोकळे पाहिल्यावर त्याला ती क्षणभर ओळखू आली नाही.

गाडी थांबली. दारं उघडली.

“काय हो उशियामासान,” ती म्हणाली, “चार दिवस माझी तपासणी का बंद? बिघडले का मी?”

“मा... मा...”

“माफ—” ती म्हणाली, आणि तिथंच थांबली. तिनं स्वतःचा हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला, आणि तो घट्ट दाबून धरला. नुसते डोळे उरले वर.

माणसं चढली. माणसं उतरली. सुटायची धून वाजायला लागली आणि संपली. फलाट मोकळा होता, कारण पिवळ्या पट्टीच्या आत उभी असलेली बाई नियमानं अडथळा धरत नाहीत. उशियामाचा उजवा हात सवयीनं निम्मा वर आला. त्यानं तो खाली घेतला.

“जा... जा...” तो म्हणाला. ओठ जागच्या जागी थरथरत होते, कपाळाला घाम आला होता. होसोईसान हलली नाही. इंटरकॉम किणकिणला. पुढे बसलेली मोटरमन दोमोतो विचारत होती, “गार्डसाहेब, दारं अजून उघडी आहेत. काही अडचण?” त्यानं तो उचलला नाही. इतक्या वर्षांत तो कधी उचलला नाही असं झालं नव्हतं.

“जाऊ... न... न...”

गाडीतल्या लोकांनी घड्याळं पाहिली. कुणीतरी मान वाकडी करून मागे बघायला लागलं. होसोईसानचा हात तोंडावर तसाच होता, आणि बोटांच्या वर तिचे डोळे भरून आले होते.

“न... नका,” उशियामा म्हणाला. “जाऊ नका.”

तिनं हात काढला. दीर्घ श्वास घेतला, अख्ख्या आठवड्याचा साठवल्यासारखा.

“बाई गं! किती वेळ हा!” ती म्हणाली. “त्या दिवशी सगळ्या फलाटाला सांगितलंत माझ्याबद्दल, आणि मला तेवढं सांगितलं नव्हतंत. बहिणीला मी परवाच कळवलंय, थांब, आत्ताच येत नाही म्हणून. मला वाटलं, बघू तरी, हे तोंड उघडतात, की मी उगाचच थांबतेय. ड्युटी संपली की घरी या. स्टेशनामागं, तांदळाच्या दुकानावर. सोबा मी करीन, पण तिथं बटणं नाहीत हो. काय हवं ते तोंडानं मागावं लागेल. मी अधेमधे बोलणार नाही.” आणि मग एकदम आवाज चढवून, “आता सोडा ना गाडी! लोक खोळंबलेत!”

त्यानं दारं बंद केली. साडेचार हजारी ‘हूं’ म्हणाली आणि निघाली.

आता उशीर झाला की गार्डनं डब्यांत क्षमा मागायची असते, आणि कारण सांगायचं असतं. त्यासाठी नव्या गाडीत तयार बटणं आहेत. प्रवाशाची तब्येत बिघडल्यामुळे. दारात वस्तू अडकल्यामुळे. सिग्नलच्या तपासणीमुळे. एक दाबलं की ती बाई गोड आवाजात सगळं निस्तरते. उशियामानं ती सगळी बटणं नीट वाचली. खरं कारण एकातही नव्हतं. त्यानं आतला माइक उचलला.

“आ... आजच्या गाडीला उ... उ...” गोड आवाजाचा गार्ड दहा डब्यांसमोर अडखळला. त्या लाइनीवर हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. वाचणाऱ्यांनी पुस्तकातून डोकी वर केली. उशियामा थांबला नाही, घाईही केली नाही. “उशीर झाला. गा... गार्डच्या खा... खासगी कारणामुळे. मनापासून क्ष... क्षमा असावी.”

पुढचं स्टेशन कामिओसे. गाडी थांबली, तो खिडकीत उभा होता, कान अजून लाल. एक म्हातारी बाई उतरली. पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर आलेला. ती जिन्याकडे जायची ती उलट चालत शेपटाकडे आली आणि त्याच्या खिडकीखाली उभी राहिली. ती रोज हिनातालाच चढायची, आणि कर्ण्यातलं ते तिसरं वाक्य तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं.

“गार्डसाहेब,” तिनं विचारलं, “राहतेय का ती?”

“रा... रा...”

धून वाजत होती. म्हातारीनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात एकमेकांवर ठेवले, आणि त्याचा शब्द पुरा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

“राहतेय,” उशियामा म्हणाला.